फडकं बांधलेला नळ

आमच्या इस्पितळात आत आलेल्या माणसाला आधी देणगीदार भेटतात, मग डॉक्टर. पायरीवर एक पाटी, बाकावर एक, पंख्याच्या प्रत्येक पात्यावर लाल रंगात एक नाव, आणि मागच्या शवागाराच्या दारावरसुद्धा कुणाच्या तरी प्रेमळ स्मरणार्थ. डहाणू आणि तलासरीच्या मधल्या पट्ट्यात ट्रस्टची अशी इस्पितळं आहेत. आमचं त्यातलंच एक. नाव सांगून उपयोग नाही, कारण नावाचीच तर तिथे रेलचेल आहे.

मी तिथे संसर्ग नियंत्रणाची सिस्टर. म्हणजे इस्पितळात आल्यावर रोग्याला नवाच रोग लागू नये म्हणून हात, भांडी, नळ्या आणि पाणी तपासत फिरणारी. करोनाच्या दिवसांत माझा जरा मान होता. सगळे माझ्याकडे पाहून हात चोळायचे. ते दिवस सरले, तशी मी पुन्हा 'हात धुवा बाई' झाले. मी वळले की मागे कुणीतरी हे नाव घेतं, आणि ते मला ऐकू जाईल इतक्या आवाजात घेतं. मला त्याचं फारसं वाटत नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मी याहून वाईट नावं ऐकली आहेत, आणि ती घेणाऱ्यांना निदान त्यांचं काम येत होतं.

पाण्याचं मशीन आलं तेव्हा मी नवीनच होते. घोलवडच्या एका बागायतदारांनी ते दिलं होतं. चिकूच्या वाड्या, रोपांची नर्सरी, दारात दोन गाड्या आणि कपाळाला केशराचा टिळा. त्यांच्या मातुश्रींनी जन्मभर न गाळलेलं पाणी तोंडाला लावलं नव्हतं, म्हणून मातुश्रींच्या स्मरणार्थ शुद्ध पाणी. आरओचं भलंमोठं मशीन, वर स्टीलची टाकी, खाली चकचकीत नळ. फीत कापली, नारळ फोडला, नारळाचं पाणी मशीनच्या तोंडावर शिंपडलं. मी तेव्हाच म्हणाले की ते पुसून घ्या, तर विश्वस्तांपैकी एक जण माझ्याकडे असा बघायला लागला जसा काही मी मातुश्रींनाच पुसायला सांगितलं होतं.

मग त्या गृहस्थांनी खिशातून पांढऱ्याशुभ्र मलमलचा तुकडा काढला आणि नळाच्या तोंडाला बांधला. त्यांच्या घरी तशीच रीत. आमच्याकडेही जुन्या घरांतून नळाला फडकं असतं, माझी आईसुद्धा बांधायची. पण माझी आई ते रोज सोडून उकळत्या पाण्यात टाकायची. इथे फडकं बांधलं ते मातुश्रींच्या नावाने, आणि ठरलं असं की दर वर्षी त्यांच्या तिथीला यजमान येणार आणि स्वतःच्या हाताने नवं बांधणार. मधल्या काळात त्याला हात लावायचा नाही. लोक टाळ्या वाजवत होते. ज्या चाळणीवर पाणी शुद्ध झालं त्या चाळणीनंतर आणखी एक ओलं फडकं, आणि ते वर्षभर तसंच. यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

एवढ्यावर थांबते तर ती भक्ती कसली. कुणीतरी म्हणालं, एवढं शुद्ध पाणी नुसतं प्यायला का, जिथे सगळ्यात नाजूक जीव आहेत तिथे द्या. झालं. मशीनपासून एक पाइप भिंतीवरून फिरवत नवजात बाळांच्या खोलीत नेला. आतल्या हात धुवायच्या बेसिनला तेच पाणी, आणि त्याही नळाला मलमल. बाळांना ऑक्सिजन देताना तो एका छोट्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे काढत जातो, नाहीतर कोरड्या हवेने नाक-घसा सुकतो. त्या बाटलीत निर्जंतुक पाणी घालायचं असतं, सीलबंद मिळतं ते. तिथेही हेच भरायला लागले. का, तर आरओ आहे ना.

आमचे मुख्य डॉक्टर, त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, त्यांना मी हे सांगायला गेले तो दिवस मला चांगला आठवतो. सर मोठे शल्यविशारद होते असं सर स्वतः सांगतात. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्यावर उपकार केले आहेत. टेबलावर काचेखाली त्यांचे मंत्र्यांबरोबरचे फोटो, आणि काचेवर चिकूची टोपली.

"सर, आरओमध्ये पाण्यातला क्लोरीनही निघून जातो," मी म्हणाले. "मग ते पाणी टाकीत नि पाइपात पडून राहिलं की त्याचं रक्षण करायला काहीच उरत नाही. आत बुळबुळीत थर धरतो. मोठ्या माणसाने प्यायलं तर बहुधा काही होणार नाही, पण दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला ते सोसायचं नाही. बेसिनला साधं क्लोरीनचं पाणी द्या. बाटलीत सीलबंद पाणी घालू द्या. आणि ती फडकी काढा."

सर हसले. त्यांचं एक ठरावीक हसू आहे, सिस्टर लोकांसाठी राखून ठेवलेलं.

"सिस्टर, पाणी शुद्ध आहे हे तुम्हीच म्हणताय. मग शुद्ध पाण्यात जंतू येणार कुठून?"

"टाकीतून, पाइपातून, फडक्यातून."

"दर महिन्याला तपासणी होते. एकदाही काही निघालेलं नाही. विज्ञान रिपोर्टवर चालतं, सिस्टर. शंकेवर नाही."

हा माणूस मला विज्ञान शिकवत होता. तपासणी कशी होते ते मी पाहिलेलं होतं. नमुना घ्यायला माणूस यायचा त्या दिवशी नळाचं फडकं आधी सोडून ठेवायचे, कारण फोटोत बरं दिसत नाही. मग नळाचं तोंड स्पिरिटने लख्ख पुसायचे. मग पाणी धो धो वाहू द्यायचे, आणि सगळा थर वाहून गेल्यावर बाटली पुढे धरायचे. माणूस गेला की फडकं पुन्हा बांधायचे. प्यायच्या पाण्याची टाकी तपासायची तर नळ पुसण्यात गैर काही नाही, तशीच पद्धत असते. पण इथे प्रश्न नळाच्याच तोंडाचा होता, आणि तपासण्याआधी नेमकं तेच तोंड धुतलं जात होतं. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी टोपलीतला एक चिकू माझ्यापुढे केला.

मी तो घेतला नाही, आणि ती तिथली सगळ्यात मोठी उद्धटपणाची गोष्ट ठरली.

त्यानंतर पावसाळा संपता संपता ती आली. तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरची, विशी-बाविशीची, सडपातळ. दिवस भरायच्या बरंच आधी बाळंत झाली होती. मुलगी. हाताच्या ओंजळीत मावेल एवढी. तिचं आधीचं मूल घरीच जन्मलं होतं आणि जन्मताच गेलं होतं, म्हणून या वेळी कळा सुरू होताच नवऱ्याने तिला रिक्षात घालून आमच्याकडे आणलं. सासू बरोबर होती. तिने दारातच मला विचारलं, "ही तरी राहील ना बाय?" मी असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही. म्हटलं, बघू.

मुलगी नवजात बाळांच्या त्या काचेच्या खोलीत गेली. नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी, अंगाखाली ऊब. आईने दूध वाटीत काढायचं, आत यायचं, पळीने थेंब थेंब पाजायचं. बाळापाशी जाण्याआधी आतल्या बेसिनवर हात कसे धुवायचे ते मीच तिला दाखवलं. तळहात, बोटांच्या फटी, अंगठा, नखं, मनगट. बहुतेक बाया दोन दिवस नीट धुतात आणि मग नुसती बोटं भिजवतात. डॉक्टर तर तेवढंही करत नाहीत. ही मात्र दर खेपेला सगळं जसंच्या तसं करायची, ओठ हलवत, स्वतःशी काहीतरी म्हणत. एकदा विचारलं काय म्हणतेस, तर लाजली. म्हणाली, "तुमी सांगलां ता विसराय नको म्हणून बोलत्यें."

लेकरू चांगलं वाढत होतं. चोखायचा प्रयत्न करायला लागलं होतं. मुलीने पहिल्यांदा आईचं बोट घट्ट धरलं त्या दिवशी आई काचेबाहेर येऊन सासूला सांगत होती, ते त्यांच्या बोलीत, मला सगळं कळलं नाही, पण दोघी हसत होत्या. मला बरं वाटलं, एवढं कबूल करते.

आणि मग एका सकाळी मुलगी दूध घेईना. अंग गार, पोट फुगलेलं, रंग राखाडी. एवढ्या लहान बाळाला ताप येत नाही पुष्कळदा, ते असंच मावळत जातं. आमचे बालरोगतज्ज्ञ तरुण आहेत आणि कामाला बरे आहेत, फक्त सरांपुढे त्यांच्या तोंडाला कुलूप लागतं. त्यांनी लगेच रक्त तपासायला वापीला पाठवलं आणि औषध सुरू केलं.

सर राउंडला आले. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांना कारण सापडलं. कारण दारात उभं होतं, हातात दुधाची वाटी घेऊन.

"हात बघू," सर म्हणाले.

तिने वाटी खाली ठेवली आणि हात पुढे केला. सरांनी तिचं मनगट धरून हात वर उचलला, बल्बच्या उजेडात, सगळ्यांना दिसेल असा. ती लग्नाआधीपासून घोलवडकडच्या एका नर्सरीत रोपांच्या पिशव्यांत माती भरायचं काम करत आलेली. नखांच्या कडांत मातीची काळी रेघ होती, कातडीत मुरलेली, कितीही घासलं तरी न जाणारी. ज्याने जन्मात माती उचलली नाही त्यालाच ती रेघ घाण वाटेल.

"पाहा," सर म्हणाले. "आम्ही लाखमोलाची यंत्रं आणायची, आणि ह्यांनी शेतातली माती घेऊन आत यायचं. तुझ्या ह्या हाताने पोर आजारी पाडलंस तू. कळतंय का?"

खोलीत दोन सिस्टर होत्या, बालरोगतज्ज्ञ होते, शिकाऊ मुली होत्या. सगळे त्या हाताकडे पाहत होते. मी म्हणाले, "सर, ती रेघ कातडीतली आहे. ती इथल्या कुणाहीपेक्षा नीट हात धुते." सर म्हणाले, "सिस्टर, तुमचं काम तुम्ही नीट केलं असतं तर ही वेळ आली नसती." मग हुकूम झाला. आई आत येणार नाही. दूध दाराशी द्यायचं.

तिने हात खाली घेतला आणि पदरात गुंडाळला. त्यानंतर ती काचेबाहेर उभी राहायची ती तशीच, हात पदरात लपवून. दूध द्यायला वाटी पुढे करायची तेव्हाही पदरातून धरून द्यायची. मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख पाहिले आहेत आणि त्यांच्यावर चिडण्यात फार वेळ घालवला आहे, पण त्या दिवशी त्या माणसाचा मला जो तिटकारा आला तो आजतागायत गेलेला नाही. जावा अशी माझी इच्छाही नाही.

दुसऱ्या दिवशी कुणी हात धुवायला यायच्या आधी मी त्या बेसिनपाशी गेले. नळ पुसला नाही, पाणी सोडून दिलं नाही. पाइपात रात्रभर साचलेलं पहिलंच पाणी निर्जंतुक बाटलीत धरलं. मग फडकं सोडलं. बाहेरून ते पिवळट दिसत होतं एवढंच. उलटं केलं तर आतल्या बाजूला चिकट, बुळबुळीत, हिरवट साय होती, आणि तिला एक गोडसर कुबट वास होता. मातुश्रींच्या पुण्याईची साय. तेही डबीत घातलं. बुडबुड्यांच्या बाटलीतलं पाणी घेतलं. आमची गाडी रक्ताचे नमुने घेऊन रोज वापीला जाते, तिच्यातच हे दिलं. मग नळाच्या तोंडाला चिकटपट्टी गुंडाळली, सीलबंद पाण्याच्या बाटल्या आणवल्या, जुन्या बुडबुड्यांच्या बाटल्या काढून नव्या लावल्या, आणि हातांना स्पिरिटचं द्रावण ठेवलं. बालरोगतज्ज्ञ बघत होते. म्हणाले, "सरांना विचारलंत?" मी म्हटलं, "तुम्ही विचारा." त्यांनी विचारलं नाही. अडवलंही नाही, त्यांच्या दृष्टीने तो पराक्रमच होता.

नेमके त्याच दिवशी यजमान आले. तिथी होती. हातात नवा मलमलचा तुकडा, बरोबर पेढ्यांचा पुडा आणि फोटो काढणारा भाचा. बाहेरच्या नळाचं काम आटोपून सर त्यांना काचेच्या खोलीशी घेऊन आले, आणि दोघांनी चिकटपट्टी पाहिली.

यजमानांचा चेहरा पडला. वाईट माणूस नव्हता तो, हेच तर वैताग आणणारं होतं. "बेन, आ शुं कर्युं?" ते म्हणाले. "माझ्या बाच्या नावाचा नळ तुम्ही बंद केला? एकदम चोख्खुं पाणी छे. मी स्वतः गाळणी बांधतो."

"तुमच्या गाळणीत जंतू वाढलेत," मी म्हणाले. "तुमच्या बा हे फडकं वर्षभर तसंच ठेवायच्या का घरी?"

त्यांनी हातातल्या मलमलकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "नाही. बा रोज बदलायची. रोज उन्हात टाकायची."

"मग इथे का नाही?"

त्यांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "शेठ, सिस्टर जरा तापट आहेत. मनावर घेऊ नका." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटपट्टी ओढून काढली. यजमानांनी नवं फडकं बांधलं. भाच्याने फोटो काढला. पेढे वाटले. काचेच्या पलीकडे ती मुलगी राखाडी होऊन पडली होती आणि अलीकडे तिची आई पदरात हात घालून उभी होती, तिलाही एक पेढा दिला गेला. तिने तो पदरातच घेतला.

ते गेल्यावर मी पुन्हा पट्टी गुंडाळली. या वेळी प्लॅस्टरची.

वापीहून फोन आला तो आधी मुलीच्या रक्ताचा. पाण्यात, ओलसर जागी वाढणारा जंतू होता, स्यूडोमोनास म्हणतात त्याला. चालू औषध त्याला पुरणारं नव्हतं, कुठलं पुरेल तेही त्यांनी सांगितलं. बालरोगतज्ज्ञांनी औषध बदललं. मग त्याच प्रयोगशाळेतून पुन्हा फोन आला, या वेळी माझ्या डब्यांचा. फडक्यात तोच. पहिल्या पाण्यात तोच. बुडबुड्यांच्या बाटलीत तोच, आणि रक्तातला जंतू ज्या औषधांना दाद देत होता त्यांनाच देणारा, ज्यांना देत नव्हता त्यांना न देणारा. फोनवरचा माणूस म्हणाला, "सिस्टर, हे सगळं एकाच घरातलं दिसतंय." मी त्याला म्हटलं, हेच जरा आमच्या सरांना फोन करून सांगा. त्याने सांगितलं.

मुलीला पुन्हा दूध घ्यायला दिवस लागले. पण घेतलं. रंग पालटला, पोट उतरलं. ती वाचली हे एवढंच त्या सगळ्या प्रकरणात चांगलं झालं, आणि त्यात आमच्या इस्पितळाचं श्रेय किती ते तुम्हीच ठरवा.

मग सभा झाली. सभेत वाढवणचं बंदर होणार की नाही यावर बराच वेळ गेला, कारण विश्वस्तांपैकी एकाचा मेहुणा चिखल्याला राहतो आणि त्याला आतली बातमी असते. चहा झाला. मग पाणी आलं. सरांनी ते फार सफाईने मांडलं. मशीनमध्ये 'किरकोळ तांत्रिक बिघाड' आढळला आहे. नवजात कक्षाचा पाइप तूर्तास बंद. फडकी काढावीत, पण पाट्या राहाव्यात. मातांना हात धुण्याचं प्रशिक्षण द्यावं.

"मातांना?" मी विचारलं. "हात धुण्यात चूक नव्हती. पाण्यात चूक होती. ती बाई जितकी नीट हात धुवायची तितकं जास्त ते पाणी तिच्या हाताला लागत होतं."

सरांनी पुढचा कागद वर घेतला, पण मी थांबले नाही.

"आणि तिला कोण सांगणार आहे?"

"काय सांगायचं?" एका विश्वस्ताने विचारलं.

"की तिच्या हाताने काही झालं नाही. आमच्या नळाने झालं. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं तसं सगळ्यांसमोर सांगावं."

सर घड्याळाकडे पाहत म्हणाले, "सिस्टर, बाळ बरं आहे. आई खूश आहे. ही साधी माणसं. त्यांच्या डोक्यात पाणी नि नळ घालून उगाच गोंधळ कशाला? उद्या पाड्यावर कुणी इस्पितळाची पायरी चढणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांना स्वतःची अब्रू सांभाळायची असते त्यांना अचानक पाड्यावरच्या लोकांच्या आरोग्याची फार काळजी वाटायला लागते, हे मी तिथे पाहिलं.

मला वाटलं होतं, मुलीला घरी सोडतील त्या दिवशी मीच सांगेन. पण सोडायचा दिवस नेमका माझ्या रजेचा निघाला. मी डहाणूला घरी होते. परत आले तर खाट रिकामी. सरांनी तिला स्वतः निरोप दिला होता म्हणे. स्वच्छतेवर चार शब्द सांगितले, साबणाच्या वड्या भेट दिल्या, फोटो काढला. भिंतीवर नवा तक्ताही आला होता. त्यात लुगडं नेसलेली, अंबाडा घातलेली एक पाड्यावरची बाई हात धूत होती. डॉक्टर हात धुतायत असा तक्ता अजून कुणाला सुचलेला नाही.

पुढे एका मोकळ्या दुपारी मी तलासरीच्या आशाताईला बरोबर घेऊन त्या पाड्यावर गेले. आशाताई म्हणजे गावातल्या बायाबाळांच्या तब्येतीची चौकशी ठेवणारी. वाटेत ती म्हणाली, "वजन मस्त वाढलंय पोरीचं. पण तिचीच तब्येत मला बरोबर वाटत नाय."

घर कुडाचं, सारवलेलं, समोर मांडव. मांडवात सासू बसली होती, मांडीवर मुलगी. गाल धरलेले, डोळे टक्क. मला उगाचच अभिमान वाटला, जशी काही मीच तिला जन्म दिला होता. आई आत चुलीपाशी होती. मला पाहून उठून उभी राहिली, आणि तिचे हात आपोआप पदरात गेले.

"पोरीला घेतच नाय ती," सासू म्हणाली. तक्रार होती, पण आवाजात काळजीही होती. "पाजाया बसली की आधी साबू. मंग गरम पाणी. मंग परत साबू. पाजून झाली का लगेच माज्याकडं देती. न्हाऊ घालीत नाय, मांडीव घेत नाय. साबूच्या समद्या वड्या सरल्या. आता राखेनं घासती."

मी तिला बाहेर मांडवात बोलावून म्हटलं, हात दाखव. ती दाखवीना. मी तिचा हात धरायला गेले आणि थांबले, कारण असाच तिचा हात याआधी कुणीतरी धरला होता. मी माझा हात मागे घेतला आणि खाली सारवणावर बसले. ती माझ्यासमोर बसली आणि मग तिने स्वतःच हात बाहेर काढले. चिरा पडल्या होत्या, सांध्यांवर रक्त सुकलेलं. नखांच्या कडांतली ती काळी रेघ होती तशीच होती.

मी तिला सांगितलं. सोपं करून नाही, सगळं सांगितलं. मशीन, टाकी, पाइप, फडकं, फडक्याच्या आतली साय. ऑक्सिजनच्या बाटलीत तेच पाणी होतं, तिथे तर तुझा हातही लागत नव्हता. वापीच्या माणसाने काय सांगितलं ते. तुझ्या हातातून काही गेलं नाही, आमच्या नळातून गेलं. आशाताई मध्ये मध्ये तिच्या बोलीत सांगत होती. सासूने मांडी बदलली आणि कान देऊन ऐकलं.

तिने सासूच्या मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सायबाला म्हाईत आहे ह्यां?"

"आहे."

"कवापासून?"

"तू तिथे होतीस तेव्हापासून."

तिने हाताकडे पाहिलं, उलटसुलट. "मंग माजा हात कशाला दाखवला समद्यांना?"

या प्रश्नाला मी उत्तर दिलं. "कुणाचा तरी हात दाखवला की नळ दाखवावा लागत नाही म्हणून."

तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. तिचा चेहरा तापला. तिने आमच्या सरांना तिच्या बोलीत काहीतरी म्हटलं, आशाताईने ते मला सांगायचं टाळलं, पण सासू फस्सकन हसली. मीही हसले. शब्द कळायची गरज नव्हती.

मग ती उठून आत गेली. चुलीवरची भाकर करपायला लागली होती. तिने ती उलटली, दुसरी थापायला घेतली, तांदळाचं पीठ मनगटापर्यंत माखलं. बाहेर मुलगी कुरकुरायला लागली. सासूने तिला हलवून पाहिलं, गप्प होईना. तेव्हा आई तशीच बाहेर आली. मोरीकडे वळली, दोन पावलं गेली, थांबली, आणि परत फिरली. तिने खाली वाकून मुलीला उचललं आणि छातीशी घेतलं.

हात धुवा, हे दोन शब्द माझ्या तोंडात तयार होते. गेली कित्येक वर्षं मी ते डॉक्टरांना, सिस्टरना, आयांना, नातेवाइकांना, झोपेतसुद्धा म्हणत आले आहे. मी ते गिळले आणि गप्प बसून राहिले. मुलीच्या गालाला, कानाला, जावळाला पांढरं पीठ लागत होतं.